नॉमिनेशन रिफ्यूज झालं, आणि अपील करायचा हक्क माझा नव्हताच

ऑस्ट्रेलियात एम्प्लॉयर नॉमिनेशन (म्हणजे 'हा कामगार मला कायमचा हवाय' असा मालकानी सरकारकडे करायचा अर्ज, त्यावर आपला पीआर म्हणजे कायम राहायचा व्हिसा अवलंबून) रिफ्यूज झालं की सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची, ती म्हणजे त्या निर्णयावर तुम्हाला अपील करताच येत नाही. अर्ज मालकाचा, नकार मालकाला, अपील पण मालकानीच करायचं. आयुष्य आपलं, पीआर आपला, बायकोपोराचं भविष्य आपलं, पण कागदावर आपण फक्त 'नॉमिनी'. मला हे रिफ्यूजल आलं त्या दिवशी कळलं, आणि तेसुद्धा थेट मला आलंच नव्हतं, मेल गेली बॉसच्या मायग्रेशन एजंटला (व्हिसाची कामं करणाऱ्या बाई), तिथून बॉसला, आणि बॉसनी चहाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन सांगितलं. लोक विचारत असतात म्हणून सगळं सलग लिहितोय, जरा लांबेल.

मी मूळचा सांगलीचा, डिझेल मेकॅनिक. ऑगस्ट २०१९ ला ४८२ व्हिसावर, म्हणजे मालकानी स्पॉन्सर केलेल्या तात्पुरत्या वर्क व्हिसावर, शेपर्टनला आलो. हे व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून गाडीनं दोन-सव्वादोन तास उत्तरेला, फळबागा, डेअरी आणि फळं डब्यात भरायच्या फॅक्टऱ्यांचं गाव. मी येऊन आठवडाही झाला नव्हता आणि इकडे सांगलीत कृष्णेचं पाणी घुसलं, तो २०१९ चा पूर मी फोनवर बघितला, आयर्विन पुलाची पातळी किती झाली हे रात्री उठून उठून बघायचो. ही आठवण उगाच काढत नाहीये, पुढे कामाला आली.

आमचं वर्कशॉप छोटं. बॉस, त्याची बायको हिशेबाला, अजून दोन मेकॅनिक, एक ॲप्रेंटिस आणि मी. दुधाचे टँकर, फळांचे ट्रक, ट्रॅक्टर, हंगामात हार्वेस्टर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ४८२ वर त्याच मालकाकडे तीन वर्षं भरली की १८६ व्हिसाच्या (मालकाच्या नॉमिनेशनवर मिळणारा कायमचा व्हिसा) टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन स्ट्रीममधून पीआरला अर्ज करता यायचा (आता दोन वर्षं झालीयेत, नोव्हेंबर २०२३ पासून). माझी तीन वर्षं ऑगस्ट २०२२ ला भरली, सप्टेंबरमध्ये बॉसचं नॉमिनेशन आणि माझा व्हिसा अर्ज एकदमच टाकला. नॉमिनेशनची फी ५४० डॉलर, वर ट्रेनिंग लेव्ही ३००० डॉलर कारण टर्नओव्हर एक कोटी डॉलरच्या आत, हे दोन्ही बॉसनी भरलं, ती लेव्ही कामगाराकडून वसूल करता येत नाही. आयईएलटीएसला प्रत्येक बँडला ६ लागतात, ते होते. सगळं गुळगुळीत. एजंटबाई म्हणाल्या, तुमची केस सरळ आहे.

आणि ऑक्टोबरमध्ये इथे पूर आला.

गोलबर्न नदीची पातळी शेपर्टनला १२ मीटरच्या पुढे गेली. शेपर्टन आणि मरूप्ना या दोन जुळ्या गावांना जोडणारा कॉजवे बंद झाला, आम्ही मरूप्नाला राहायचो, वर्कशॉप पलीकडे. पाणी उतरल्यावर गेलो तर शेडमध्ये ऑइलचे ड्रम कुठल्या कुठे, हॉइस्टच्या मोटरी गेलेल्या, डायग्नॉस्टिक स्कॅनर गेला, आणि पत्र्यावर गुडघ्याच्या वर चिखलाची सरळ रेघ. बॉस नुसता उभा होता. मी सांगलीला घरी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला तर त्यांचं पहिलं वाक्य, "आधी फोटू काढ सगळ्याचं, धुवायला लागायच्या आधी. तारीख दिसू दे. पंचनाम्याला लागत्यात." आता इथे कुठला तलाठी येणार पंचनाम्याला, पण सवय म्हणून मी भिंतीवरच्या रेघेपासून प्रत्येक मशिनच्या नंबर प्लेटपर्यंत फोटो काढले, टेप धरून पाण्याची उंची मोजून पण काढले. बॉसला वाटलं हा येडा झालाय.

वर्कशॉप बरेच आठवडे बंद होतं. बॉसनी आम्हा सगळ्यांचा पगार चालू ठेवला, काही रजेतून, काही स्वतःच्या खिशातून, आम्ही साफसफाई करायचो. इन्शुरन्सचा क्लेम घोळत राहिला आणि पैसे मिळाले ते जुलै २०२३ नंतर. इथलं फायनान्शियल इयर जुलै ते जून, म्हणजे नुकसान सगळं एका वर्षात, आणि भरपाई दुसऱ्या वर्षात. २०२२-२३ चा ताळेबंद साहजिकच लाल.

त्यात २०२३ च्या मध्यावर डिपार्टमेंटचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आलं की बिझनेसचे ताजे आर्थिक कागद द्या. अकाउंटंटनी प्रॉफिट-लॉस पाठवलं, बॅलन्स शीट पाठवली आणि सोबत चार ओळींचं पत्र, की 'बिझनेस चांगला आहे आणि पुढे चालू राहील'. पुराचा त्यात उल्लेखच नव्हता. त्याला वाटलं असेल पूर तर सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलाय. पण फाइल बघणारा माणूस कुठल्या शहरात बसलाय, त्याला शेपर्टन कुठं आहे हे तरी माहितीये का, काही सांगता येत नाही. तो समोरच्या कागदावर बघतो.

ऑक्टोबर २०२३ ला नकार आला. डिसिजन रेकॉर्ड नावाचं डॉक्युमेंट असतं, ते मी एवढ्या वेळा वाचलंय की अजून पाठ आहे. मायग्रेशन रेग्युलेशन्समधला ५.१९ हा नियम, त्यात अनेक अटी, त्यातल्या बाकी अटींवर काही म्हणणं नव्हतं, अडलं एकाच ठिकाणी: मालकाची मला अजून किमान दोन वर्षं फुल टाइम कामावर ठेवायची आणि ठरलेला पगार द्यायची ऐपत आहे हे पटत नाही. बस. माझ्या कामाबद्दल, अनुभवाबद्दल एक अक्षर नाही. हातातोंडाशी आलेला घास जातो म्हणतात तसं झालं, आणि गेला तो माझ्यामुळे नाही तर नदीमुळे.

रिफ्यूजलनंतरचे पहिले काही दिवस हेच खरं अपील असतं असं माझं मत आहे. नंतरची दोन वर्षं नुसती वाट बघायची असते, पण निर्णय सगळे तेव्हाच घ्यावे लागतात, आणि तेव्हा डोकं चालत नसतं.

अशी अपीलं ऐकणारं एक ट्रिब्युनल असतं, तेव्हा त्याचं नाव एएटी होतं, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल. अपीलची मुदत २१ दिवस. मेलनी निर्णय आला तर पाठवला त्याच दिवशी मिळाला असं धरतात, तुम्ही मेल उघडली की नाही याला काही किंमत नाही. फी तेव्हा ३३७४ डॉलर. आणि मुदत चुकली तर ट्रिब्युनल पुढे ऐकूनच घेऊ शकत नाही, कारण काहीही असो.

बॉसचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. तो म्हणाला, एवढे पैसे अपीलला घालायचे त्यापेक्षा नवीन नॉमिनेशन टाकूया ना? मलाही तेच वाटत होतं. एजंटबाईंनी मग व्हिडिओ कॉलवर आम्हा दोघांना बसवून समजावलं, आणि तो तासभर म्हणजे त्यांच्या सगळ्या फीची वसुली होती. त्या म्हणाल्या, १८६ चा व्हिसा अर्ज ठराविक नॉमिनेशनला बांधलेला असतो, जुन्या अर्जाला नवीन नॉमिनेशन जोडता येत नाही. म्हणजे नवीन नॉमिनेशन टाकलं तर व्हिसा पण नवीन, त्याची फी एकट्याचीच साडेचार हजाराच्या वर, बायकोची वेगळी. शिवाय १ जुलै २०२३ पासून किमान पगाराची मर्यादा ५३,९०० वरून ७०,००० झालेली. तो पगार मला मिळत होता म्हणा, तिथे अडचण नव्हती. खरी मेख पुढे होती: नवीन अर्जाला पण हेच बुडालेलं वर्ष दाखवावं लागणार होतं. तेच आकडे, तसाच कुणीतरी माणूस, तोच निकाल.

उलट ट्रिब्युनलचं असं की ते नुसती 'डिपार्टमेंट चुकलं का' एवढंच बघत नाही, ते सगळं प्रकरण नव्यानं बघतं, आणि ऐपत वगैरे गोष्टी निर्णयाच्या दिवशी काय आहे त्यावर बघितल्या जातात. तेव्हा नंबर लागायला दीड-दोन वर्षं सहज लागत होती. सगळे या वाट बघण्याला शिव्या घालतात, मी पण घातल्यात, पण आमच्या केसमध्ये वेळच पाहिजे होता. तोपर्यंत इन्शुरन्सचे पैसे हिशेबात दिसतील, दोन चांगले हंगाम जातील, आणि लाल आकडा एकाच वर्षाचा होता हे आपोआप सिद्ध होईल. हे ऐकल्यावर बॉस म्हणाला ठीक आहे, करूया.

पैशाचं एक सांगायलाच पाहिजे. मी बॉसला म्हटलं होतं की फी मी देतो, तुम्ही फक्त सही करा. एजंटबाई एकदम कडक झाल्या. डिसेंबर २०१५ पासून इथे स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे देणं-घेणं बेकायदा आहे, घेणाऱ्यावर गुन्हा आणि देणाऱ्याला पण दंड, आणि त्यात नॉमिनेशनशी संबंधित पैसा कामगाराच्या खात्यातून येताना दिसला की चांगल्या केसमध्ये पण नको ते प्रश्न सुरू होतात. नॉमिनेशनच्या अपीलची फी कंपनीच्या खात्यातूनच गेली. आपली बरीच पोरं 'मालकाला पैसे देऊन मॅनेज केलं' असं अभिमानानं सांगतात, त्यांना माझं एवढंच म्हणणं की ते कुठे बोलू नका, आणि शक्यतो करूही नका.

बरं, हे झालं मालकाचं. आता माझं. नॉमिनेशन गेलं म्हणून व्हिसा लगेच जात नाही. मला वेगळं पत्र आलं की तुमच्या अर्जाला मंजूर नॉमिनेशन नाहीये, २८ दिवसांत काय म्हणायचंय ते म्हणा, नाहीतर अर्ज मागे घ्या. इथे दगडाखाली हात असतो. मागे घेतला तर रेकॉर्डवर रिफ्यूजल लागत नाही, पण अर्जच संपला म्हणजे ब्रिजिंग व्हिसा (अर्जाचा निकाल लागेपर्यंत इथे राहू देणारा तात्पुरता व्हिसा) पण संपायला लागतो, माझा ४८२ तर २०२३ च्या मध्यातच संपला होता. आणि मालकाचं अपील पुढे जिंकलं तरी जोडायला व्हिसा अर्जच शिल्लक नाही. मागे नाही घेतला तर रिफ्यूजल नक्की, आणि मग सेक्शन ४८ लागतो, म्हणजे देशात बसून बहुतेक दुसऱ्या व्हिसांना अर्ज करता येत नाही. काही अपवाद आहेत, १९०, ४९१, ४९४ या नंबरचे स्किल्ड व्हिसा २०२१ च्या नोव्हेंबरपासून चालतात, पण सरसकट नाही.

आम्ही मागे घेतला नाही. लेखी कळवलं की मालकानी अपील केलंय, कृपया थांबा. ते थांबत नाहीत हे माहिती होतं, थांबले नाहीत. डिसेंबरमध्ये माझा, बायकोचा व्हिसा रिफ्यूज. मग माझं स्वतःचं अपील, परत ३३७४ डॉलर, हे मात्र माझ्या खिशातून, कुटुंबाचं एकातच होतं एवढं नशीब. दोन फाइली झाल्या, एक कंपनीची, एक आमची. काही लोक फक्त व्हिसाचं अपील करतात, मालक नॉमिनेशनचं करत नाही किंवा मुदत घालवतो. त्याला तसा काही अर्थ राहत नाही, कारण ट्रिब्युनलपुढे तुम्ही कितीही चांगले असलात तरी मंजूर नॉमिनेशन कुठून आणणार?

अपील वेळेत टाकलं की ब्रिजिंग व्हिसा ए चालू राहतो, ट्रिब्युनलच्या निर्णयानंतर ३५ दिवसांपर्यंत. काम करता येतं, निळं मेडिकेअर कार्ड चालू राहिलं. पण देशाबाहेर गेलात की ए संपला, त्यासाठी आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढायचा आणि त्याच्या तारखेच्या आत परत यायचं. २०२४ ला धाकट्या बहिणीच्या लग्नाला असाच बी काढून गेलो. मांडवात प्रत्येक जण विचारत होता "काय मग, पीआर झाला का?" मी 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणायचो. मामा म्हणाले, तिकडे कुणी ओळखीचं असेल तर बघ की. मामांना काय सांगणार.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली ते. बॉस साठीच्या पुढचा. २०२४ मध्ये त्याला वर्कशॉप विकत घ्यायची ऑफर आली, मोठ्या कंपनीची, चांगले पैसे. त्यानं मला लपवलं नाही, येऊन सांगितलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती, तिनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे आपण परत सुरुवातीला?" सुरुवातीला पण नाही, सुरुवातीच्या मागे. कारण नॉमिनेशन कंपनीचं असतं, कायद्यानं जी कंपनी आहे तिचं. धंदा दुसऱ्या कंपनीनं घेतला, गिऱ्हाइकं तीच, शेड तीच, मेकॅनिक तोच, तरी नॉमिनेशन पुढच्या कंपनीकडे जात नाही. मेलं ते.

बॉसनी शेवटी विकलं नाही. माझ्यासाठी नाही विकलं असं म्हणणं खोटं होईल, त्याचा मुलगा मेलबर्नहून परत आला आणि म्हणाला मी चालवतो. पण ते करताना अकाउंटंट नवीन कंपनी काढा, टॅक्सला सोपं जाईल असं म्हणत होता, तिथे एजंटबाई आडव्या पडल्या: कंपनी तीच राहू दे, एबीएन (धंद्याचा सरकारी नोंदणी नंबर) तोच राहू दे, मुलाला डायरेक्टर करा, शेअर द्या, काय पाहिजे ते करा, पण अपील चालू असेपर्यंत अर्जदार बदलू नका. ऐकलं त्यांनी. तुमच्या मालकाकडे असं काही शिजत असेल तर लाजू नका, विचारा. मला विचारायला फार जड गेलं असतं जर त्यानं स्वतःहून सांगितलं नसतं.

मधेच १४ ऑक्टोबर २०२४ ला एएटी बंद होऊन नवीन ट्रिब्युनल आलं, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल, एआरटी. मेल आली की तुमची केस आपोआप तिकडे गेलीये, परत फी नको, काही करायला नको. घरात दोन दिवस चर्चा की नंबर परत शेवटून लागणार का. तसं काही झालं नाही. नवीन निर्णयांसाठी आता मुदत २८ दिवसांची केलीये, पण तुमच्या निर्णयाच्या पत्रात काय लिहिलंय तेच धरायचं, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्या पण नाही.

मग २०२५ ला कागद मागणारं पत्र आलं. आणि या वेळी कागद आम्ही जमवले, अकाउंटंटवर सोडलं नाही. बॉसची बायको आणि मी सलग काही रविवार त्यांच्या किचन टेबलवर बसून होतो. प्रत्येक तिमाहीचं बिझनेस ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, सुपरॲन्युएशन (निवृत्तीचा फंड) भरल्याचे रेकॉर्ड, वर्कशॉपचं भाडेकरार, ऑर्ग चार्ट, बाकीच्या मेकॅनिकना किती पगार म्हणजे मला बाजारभावाइतका मिळतो हे दाखवायला, डेअरीवाल्यांशी असलेले सर्व्हिसिंगचे करार. अकाउंटंटकडून नवीन पत्र घेतलं, चार ओळींचं नाही, चार पानांचं, २०२२-२३ मधला प्रत्येक मोठा खर्च कुठला, त्यातला पुराचा किती, क्लेम कधी मंजूर झाला, कधी जमा झाला, आणि ते बाजूला काढलं तर धंदा कसा दिसतो. आर्थिक वर्ष जूनला संपलेलं, सुनावणी ऑगस्टमध्ये, म्हणून २०२४-२५ चे कच्चे हिशेब पण त्याच्याकडून घाईनं काढून घेतले. आणि त्या पत्राला जोडून माझे फोटो. तारीख असलेले, टेप धरलेले, मशिनच्या नंबरसकट, क्लेमच्या यादीतल्या मशिनशी एकेक जुळवून. आण्णांचा पंचनामा.

सुनावणी व्हिडिओवर झाली. बॉसनी लग्नाला घालायचा कोट घातला होता, वर्कशॉपच्या ऑफिसात, मागे टायरचं कॅलेंडर. आधी शपथ, मग ट्रिब्युनलच्या मेंबर, जज म्हणता येत नाही त्यांना, त्यांनी बॉसला विचारायला सुरुवात केली. मला वाटलं होतं उलटतपासणी होईल, तसं काही नव्हतं, डिपार्टमेंटचा वकील पण नव्हता समोर. शांतपणे पण बारीक विचारत होत्या. किती माणसं, कोण काय करतं, पुरात पगार कुठून दिलात, कर्ज किती राहिलंय, हा नसला तर काय कराल? बॉस म्हणाला, हा नसला तर मी परत गाडीखाली झोपणार, आणि मला आता तिथून उठता येत नाही. मेंबर हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

मग मी साक्षीदार म्हणून. तयारी केली होती की माझा व्यवसाय कोड ३२१२१२, त्यातली कामं कुठली कुठली वगैरे. त्यांनी विचारलं, "काल काय काम केलंत?" मी एक सेकंद गडबडलो, मग सांगायला लागलो: सकाळी दुधाचा टँकर, पॉवर कमी झाल्याची तक्रार, पार्टिक्युलेट फिल्टर चोंदलेला, रीजनरेशन पूर्ण होत नव्हतं, स्कॅनर लावला तर प्रेशर सेन्सरचं रीडिंग चुकीचं, सेन्सरचा पाइप तडकलेला, तो बदलून जागेवर रीजन करून दिलं, कारण टँकर संध्याकाळी दूध उचलायला पाहिजेच होता. दुपारी एका ट्रेलरचे एअर ब्रेक. मी थांबलो तर त्या म्हणाल्या, पुढे सांगा. एवढ्या वर्षांत या फाइलमध्ये माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

शेवटी त्या फोटोंवर आल्या. पत्र्यावरच्या रेघेचा फोटो स्क्रीनवर होता. विचारलं, हे कुणी काढले आणि असे मोजून का काढले? मी म्हटलं, मी ज्या गावचा आहे तिथे पूर येतो आणि सरकारी माणसं येऊन नुकसान मोजतात, घरच्यांनी सांगितलं म्हणून काढले. एवढंच.

निर्णय त्या दिवशी दिला नाही. काही आठवड्यांनी लेखी आला: डिपार्टमेंटचा निर्णय रद्द, त्याऐवजी नॉमिनेशन मंजूर. मग माझ्या फाइलचा निर्णय आला, पण तिथे ट्रिब्युनल व्हिसा देत नाही, केस परत डिपार्टमेंटकडे पाठवतं, की नॉमिनेशनची अट पूर्ण झालीये असं धरून बाकीचं तपासा. बऱ्याच लोकांना वाटतं अपील जिंकलं म्हणजे पीआर हातात. नाही. अपील जिंकलं की निम्मी फी परत मिळते, ती मात्र आली, बॉसची कंपनीला, माझी मला.

आणि हरलो असतो तर पुढे कोर्ट असतं, ३५ दिवसांत, पण कोर्ट तुमची ऐपत-बिपत बघत नाही, ट्रिब्युनलनी कायद्याची चूक केली का एवढंच बघतं. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही म्हणून त्यातलं जास्त बोलत नाही.

एजंट निवडताना नोंदणी नंबर सरकारी रजिस्टरवर तपासा, हे सगळेच सांगतात. मी वर एक सांगेन: पहिल्या भेटीत त्यांना विचारा की तुम्ही मालकाचे की माझे? आमच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं होतं की दोघांचं हित एक आहे तोवर मी दोघांसाठी काम करीन, ज्या दिवशी वेगळं होईल त्या दिवशी तुम्ही दुसरा वकील बघा. ते वर्कशॉप विकायचं चाललं होतं तेव्हा त्यांनी तेच परत सांगितलं, आणि मी खरंच दुसऱ्या वकिलाकडून एकदा सल्ला घेऊन ठेवला होता. बॉसला ते माहिती होतं, त्याला राग आला नाही.

आत्ता फाइल डिपार्टमेंटकडे आहे. जुनी मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स केव्हाच शिळी झालेली, ती सगळी परत मागितलीयेत. मेलबर्नला जाऊन मेडिकल केली, भारताची पीसीसी व्हीएफएसमधून टाकलीये, सांगलीच्या पत्त्यावर व्हेरिफिकेशनला पोलीस येऊन गेले असं आण्णांनी कळवलं. ऑस्ट्रेलियन पोलिसांचं सर्टिफिकेट आलंय. बायकोच्या फॉर्ममध्ये पत्ता जुना राहिला होता, तो दुरुस्त करायचा फॉर्म कालच अपलोड केला.